दीड किलोमीटर तार आणि एक चुंबक: गिटारचा हंबकर बदलताना

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसा विहिरीवरच्या मोटरी भरायच्या आणि लग्नसराईत रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची, असा माझा दुहेरी कारभार. मागे एकदा मोटर न्यायला आलेला एक शेतकरी काउंटरवर उघडून ठेवलेला गिटारचा पिकअप (तारांखाली बसून त्यांचं थरथरणं विजेत बदलणारा भाग) बघत उभा राहिला आणि अहिराणीत म्हणाला, "हाई तार शे का केस शे भो?" म्हणजे, ही तार आहे की केस, भाऊ?

प्रश्न रास्त होता. पिकअपची तार अमेरिकन मापात ४२ गेजची असते, म्हणजे जाडी साधारण ०.०६३ मिलिमीटर. डोक्यावरचा केसही साधारण तेवढाच. आपल्याकडच्या वाइंडिंगच्या दुकानात ४२ गेज मागितलीत तर ब्रिटिश मापाची, ०.१ मिलिमीटरची तार हातात पडेल. पिकअपची तार आपल्या ४६ च्या आसपास जाते. हंबकर हा पिकअपचाच एक प्रकार; नेहमीच्या हंबकरमध्ये अशा तारेच्या दोन कॉइल असतात आणि प्रत्येकीला सुमारे ५,००० वेढे. सगळी उलगडली तर दीड किलोमीटरच्या जवळपास भरेल. मी उलगडून बघितलेली नाही, ओहमच्या हिशेबावरून सांगतोय.

जळगाव, भुसावळ, अमळनेरकडून पोरं गिटार घेऊन येतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, चांगला हंबकर सांगा." दुसरंही ठरलेलं: "जास्त किलोओहमवाला." पहिल्या वाक्याला माझी हरकत नाही. दुसऱ्यासाठी हा एवढा लांब लेख लिहायला बसलोय.

पिकअप म्हणजे माइक नव्हे. खाली चुंबक असतो, त्याच्यामुळे वरची गिटारची स्टीलची तार थोडीशी चुंबकीय होते. तार हलली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये बारीकसं व्होल्टेज तयार होतं. सायकलच्या डायनॅमोचंच तत्त्व, फक्त इथे चाक फिरत नाही, तार थरथरते. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावलेल्या गिटारला हा पिकअप बसवला तर तो मख्खासारखा गप्प बसेल.

आता गंमत अशी की कॉइलला गिटारची तार आणि बाहेरचा ट्रान्सफॉर्मर यांतला फरक कळत नाही. जवळपास कुठेही बदलतं चुंबकीय क्षेत्र असलं की ती ते पकडते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्पीकरमधून ५० आणि १०० हर्ट्झचा घूंss असा आवाज येतो. यातला १०० हर्ट्झ म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) सुरापेक्षा केसभर वर. तो 'जी' सूर ९८ हर्ट्झचा असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथलं हमिंग वेगळ्याच सुरात लागतं. जी मेजरमधलं गाणं असेल तर आपलं हमिंग निदान जवळपासच्या सुरात तरी असतं, एवढाच दिलासा.

एक कॉइलवाल्या पिकअपला यावर इलाज नाही. इलाज काढला तो गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने. १९५५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ मध्ये पेटंट मिळालं. मधल्या काळात, १९५७ पासून, हे पिकअप गिटारींवर लागायला लागले आणि खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाचं इंग्रजी स्टिकर लावलेलं असे. त्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्या पिकअपना आजही पीएएफ म्हणतात. पुढे पेटंट नंबर छापायची वेळ आली तेव्हा स्टिकरवर नंबर छापला तो भलत्याच पेटंटचा, गिटारवादक लेस पॉलच्या टेलपीसचा, म्हणजे तारा अडकवायच्या भागाचा. चुकून की कोणी नक्कल करू नये म्हणून मुद्दाम, यावर गिटारवाले अजून वाद घालतात.

लव्हरची युक्ती कागदावर मांडली की दोन मिनिटांत कळते. शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवा. दुसरीच्या खाली चुंबकाचं उलटं टोक ठेवा. पहिल्या कॉइलमध्ये तारेचा आवाज अधिक १ आणि हमिंग अधिक १ येतं असं धरा. दुसरीत चुंबक उलटा, म्हणून तारेचा आवाज उणे १; पण हमिंग बाहेरून येतं, त्याला आपल्या चुंबकाशी देणंघेणं नाही, ते अधिक १ च. आता या दुसऱ्या कॉइलची जोडणी उलटी करा. तिच्यातलं सगळंच उलटं होईल: तारेचा आवाज अधिक १, हमिंग उणे १. दोन्हींची बेरीज केली तर आवाज २ आणि हमिंग शून्य. हमला इंग्रजीत 'बक' करणारा, म्हणजे थोपवणारा, म्हणून हंबकर. या उणे-अधिकाची आठवण ठेवा, पुढे माझी फजिती सांगताना लागणार आहे.

दोन कॉइलची किंमतही मोजावी लागते. तारेच्या दोन वेगळ्या जागांवरचा आवाज एकत्र होतो, त्यात वरचे काही बारीक सूर एकमेकांना खातात. म्हणून हंबकरचा आवाज एक कॉइलवाल्यापेक्षा गोल, भरीव, थोडा जाड. कोणाला तो आवडतो, कोणाला घसा बसल्यासारखा वाटतो.

जे हमिंग हंबकर बदलून जाणार नाही

हे आधी सांगितलेलं बरं, कारण निम्मी गिऱ्हाईकं इथूनच परत जातात.

गिटारमध्ये आधीच हंबकर आहे, तरी आवाज येतो, आणि तारांना हात लावला की कमी होतो? मग ते चुंबकीय हमिंग नव्हे. ते विद्युत क्षेत्रातून येणारं बझिंग आहे आणि गिटारच्या आतली शिल्डिंग अपुरी आहे. पोकळीत तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली की बरंच काम होतं. तारांना हात लावल्यावर उलट वाढतो? मग ब्रिजपासून (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या भागापासून) येणारी अर्थची वायर किंवा जॅकची जोडणी आधी तपासा. मंडपातल्या लाइटचे डिमर, जनरेटर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर यांचा कचकचाट केबलमधून आणि पॉवर सप्लायमधूनही घुसतो; तिथे जगातला सर्वांत महागडा हंबकरही हात टेकतो.

आणि अर्थिंग. आपल्या खेड्यापाड्यांत कार्यक्रमाला गेलं की बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायर असेलच असं नाही. गिटारच्या तारा धरून माइकला ओठ लावले आणि चटका बसला, तर तो विनोद नाही. तो कार्यक्रम तिथेच थांबवायचा आणि साउंडवाल्याला अर्थिंग करायला लावायचं. त्यात पिकअपचा काही संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

खिशाला हात घालण्याआधी

पाचोऱ्याहून एक मुलगा आला होता. कॉलेजात असावा. ब्रिजवरचा हंबकर 'मेलेला' वाटतो, म्हणाला. मी वाजवून बघितलं, खरंच दबका होता. मग शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली आणि पिकअपवर प्रत्येक तारेखाली असतो त्या स्क्रूपासून तारेपर्यंतचं अंतर मोजलं: पाच मिलिमीटरच्या वर. गिब्सनच्या गिटारींवर ब्रिजच्या पिकअपला साधारण १.६ आणि नेकच्या (दांड्याजवळच्या) पिकअपला २.४ मिलिमीटर अंतर ठेवतात. पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून मी तो वर आणला. पाच मिनिटांचं काम. आवाज आला, मुलाचा चेहराही उजळला आणि माझं एक गिऱ्हाईक गेलं.

अंतर कमी केलं की आवाज जोरात आणि तिखट होतो, फार जवळ आणलं तर चुंबक तारेला धरून ठेवतो आणि सूर डगमगतो. हे अंतर कमी-जास्त करायला पैसे लागत नाहीत, तरी कोणी करत नाही. गंजलेल्या तारा बदला. सहा मीटरची केबल तीन मीटरची करून बघा. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटण फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स, किती ओहमचा आहे बघा. हंबकरला साधारण ५०० किलोओहमचा लागतो आणि स्वस्त गिटारींत कधी कधी २५० चा सापडतो. एवढं सगळं करूनही आवाज मनासारखा नसेल, तर मग पिकअप.

तेव्हाही आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. "आवाज चांगला नाही" ही तक्रार नव्हे. खर्जातले सूर चिखलासारखे होतात? वरचे सूर कानात टोचतात? डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावल्यावर कॉर्डमधल्या तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत? स्पीकरपाशी उभं राहिलं की शिट्टी येते? या चार तक्रारींची उत्तरं चार आहेत, आणि शेवटच्या शिट्टीचं उत्तर बऱ्याचदा फक्त मेण हे आहे. कॉइलचे वेढे सैल असतील तर ते स्वतःच थरथरतात. म्हणून पिकअप पातळ केलेल्या पॅराफिनच्या मेणात बुडवून काढतात. ही गिटार मे महिन्यात भुसावळला बंद गाडीत ठेवून लग्नात जेवायला बसू नका, हे वेगळं सांगायला नको.

किलोओहमचं भूत

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ.

जाहिरातीत प्रत्येक पिकअपपुढे एक आकडा असतो: ८ किलोओहम, १२, १६. हा कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स. लोक तो पंपाच्या हॉर्सपॉवरसारखा वाचतात: जेवढा मोठा, तेवढा दमदार. असं होतं खरं, पण अर्धवट. वेढे वाढवले की तार लांबते, रेझिस्टन्स वाढतो आणि आवाजाचा जोरही वाढतो. पण त्याच वेढ्यांना ४२ ऐवजी बारीक ४३ गेजची तार वापरली तरी रेझिस्टन्स वाढतो. ८ चा जवळपास १० होतो, आणि वेढे तेवढेच, म्हणजे जोर तेवढाच.

त्याहून मजेशीर गोष्ट आपल्या उन्हाची. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. मोटर गरम झाली की रीडिंग बदलतं, हे वाइंडिंगवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही. थंड खोलीत २० अंशाला ८ किलोओहम दाखवणारा पिकअप आपल्या मे महिन्याच्या दुपारी, ४५ अंशात, ८.८ दाखवेल. एकाने पत्र्याच्या शेडखाली बसून नवा पिकअप मोजला आणि "भाऊ, मला जास्त पॉवरचा आला" म्हणून पेढे द्यायचाच बाकी होता. त्याला म्हटलं, डिसेंबरात परत मोज.

मग आवाजाचा रंग ठरतो कशाने? याला माझ्याकडे आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका आहे. खानदेशात आखाजीला माहेरी आलेल्या पोरी निंबाला झोका बांधतात, तो डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक झोक्याची स्वतःची लय असते. त्या लयीत धक्का दिला तर झोका उंच जातो, भलत्या लयीत दिला तर जागच्या जागी घुटमळतो. दोर लांब असेल तर लय संथ, आखूड असेल तर चपळ.

पिकअपची कॉइल आणि गिटारची केबल मिळून असाच एक झोका तयार होतो. कॉइलचा दोर म्हणजे तिचं इंडक्टन्स, हेन्रीमध्ये मोजतात. केबलमध्ये कपॅसिटन्स असतं, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. या दोघांच्या लयीजवळचे सूर झोक्यासारखे उंच जातात, त्याच्या वरचे झपाट्याने खाली पडतात. जुन्या पद्धतीच्या पीएएफ धाटणीच्या हंबकरचं इंडक्टन्स साडेचार हेन्रीच्या आसपास धरा. सहा मीटरची केबल लावली तर हा उंचवटा साधारण २,८०० हर्ट्झला येतो. जास्त वेढ्यांचा, आठ हेन्रीचा हंबकर घेतला तर तोच उंचवटा घसरून २,१०० च्या जवळ येतो. एक कॉइलवाला अडीच हेन्रीचा असेल तर ३,८०० पर्यंत चढतो.

कानाला याचा अर्थ असा. उंचवटा वर असला की आवाज उघडा, चकचकीत, प्रत्येक तार सुटी. खाली आला की मधला भाग पुढे येतो, आवाज जाड होतो, सोलोला गळा येतो, पण कॉर्ड वाजवली की गिचका. म्हणजे वेढे वाढवताना जोर मिळतो आणि उघडेपणा जातो. शेवभाजीत तिखट वाढवलं म्हणून चव वाढत नाही, मसाल्याचा वास मात्र झाकला जातो. तसंच हे.

५०० किलोओहमचा पॉट का, तेही इथेच कळतं. पॉट म्हणजे झोक्याला मागून धरणारा हात. २५० चा हात घट्ट धरतो, उंचवटा चपटा होतो. ५०० चा सैल सोडतो. फार टोचणारा पिकअप असेल तर नवा घेण्याआधी पॉट बदलून बघायला काय जातं? वीस-पंचवीस मिनिटं आणि थोडं सोल्डर.

चुंबकाबद्दल थोडक्यात. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको २ मऊ, थोडा ढिला, खर्ज भरतो पण ठोकत नाही. अल्निको ५ ताकदीचा, दोन्ही टोकं ठसठशीत. सिरॅमिक म्हणजे स्पीकरच्या मागे असते ती काळी चकती ज्या जातीची, त्या जातीचा चुंबक. आवाज आवळलेला, लवकर उठणारा. हे सगळं खरं, पण कॉइल तीच ठेवून नुसता चुंबक बदलला तर जो फरक पडतो, तो विकणारे सांगतात त्याच्यापेक्षा कमी असतो. वेढ्यांचा फरक मोठा, चुंबकाचा त्यानंतर.

कोणता घ्यावा, याचं माझं मत

लग्नात, गणपतीत, अहिराणी गाण्यांच्या कार्यक्रमात वाजवणारे आम्ही बहुतेक सगळे गिटार प्रोसेसरमध्ये (इफेक्ट देणाऱ्या पेटीत) टाकतो आणि तिथून सरळ मिक्सरमध्ये. जोर मिक्सरवाल्याच्या बोटात असतो. पिकअपच्या जोराची आम्हाला गरजच नसते. उलट १५-१६ किलोओहमचा हंबकर लावला तर प्रोसेसरच्या इनपुटलाच आवाज फाटतो, आणि तो फाटणं डिस्टॉर्शनसारखं गोड नसतं, करवतीसारखं असतं. एका रात्रीत साफ कॉर्ड, थोडं रॉक, एखादी लावणीची धून, डीजेच्या चालीवरचं गाणं असं सगळं वाजवायचं असेल, तर साडेसात ते साडेआठ किलोओहमचा, अल्निकोचा, पीएएफ धाटणीचा हंबकर घ्या. सिमोर डंकनचा 'फिफ्टी नाइन' याच जातीतला. इतर कंपन्यांचेही असतात.

मेटल वाजवायचं असेल, खर्जातल्या तारा दाबून डिस्टॉर्शनमध्ये कातायच्या असतील, तर गोष्ट वेगळी. १९७२ साली लॅरी डिमार्झिओने 'सुपर डिस्टॉर्शन' काढला: सिरॅमिक चुंबक, १३ किलोओहमच्या आसपास. गिटारबरोबर आलेला पिकअप काढून दुसरा बसवायचा धंदाच तिथून रुजला. त्या काळच्या ट्यूबच्या अँपला पुढून धक्का दिल्याशिवाय ते फाटत नसत, म्हणून जोर हवा होता. आज प्रोसेसरमध्ये हवं तेवढं डिस्टॉर्शन मिळतं, तरी जोराचा मोह तेव्हाचाच आहे. डंकनचा जेबी १६ किलोओहमच्या पुढचा, मधल्या सुरात बोलका, सोलोवाल्यांचा लाडका. माझा नाही, पण ते माझ्या कानांचं.

बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअपही असतात. त्यांच्या आत छोटा प्रिॲम्प (आवाज आधीच वाढवणारं सर्किट), ९ व्होल्टची बॅटरी आणि २५ किलोओहमचे पॉट लागतात. आवाज स्वच्छ, लांब केबलचा परिणाम जवळपास नाही. पण वरात मारुतीच्या देवळापाशी आली आणि बॅटरी बसली, की ढोलकीवाला तुमच्याकडे बघत राहतो. जुन्या पिकअपशी त्यांची पॉट आणि जॅकची जोडणीही जुळत नाही, एक बदलायचा तर सगळंच बदलावं लागतं.

ब्रिजचा पिकअप नेकला आणि नेकचा ब्रिजला लावू नका. नेकजवळ तार मोठा झोका घेते, म्हणून तिथला पिकअप कमी वेढ्यांचा करतात. ब्रिजजवळ तार जेमतेम हलते, म्हणून तिथे जास्त वेढे. जोडी घ्यायची तर एकाच जोडीतले घ्या. गिटारला ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन एक कॉइलवाले असतील, तर ब्रिजला फार दांडगा घेऊ नका. स्विच फिरवला की आवाजात खड्डा पडतो.

मापं. गिब्सन धाटणीच्या गिटारवर पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधलं अंतर साधारण ४९-५० मिलिमीटर, फेंडर धाटणीच्या ट्रेमोलोवर (दांडीने सूर हलवता येणाऱ्या ब्रिजवर) ५१ ते ५३. ब्रिजवर बाहेरच्या दोन तारांमधलं अंतर पट्टीने मोजून मगच मागवा. दोन-तीन मिलिमीटरने आवाज बुडत नाही, पण स्क्रू तारेखाली नसले की मनाला टोचत राहतं. पिकअपचे पाय लांब आहेत की आखूड, पोकळी किती खोल आहे, हेही बघा. धातूचं झाकण असलेला घेताना निकेल सिल्व्हरचं झाकण बरं. पितळेचं झाकण वरचे सूर थोडे दाबतं. आशियात बनलेल्या गिटारींत पॉटचं भोक बऱ्याचदा ८ मिलिमीटरचं असतं आणि अमेरिकन पॉटला साडेनऊ लागतं, म्हणजे ड्रिल हातात घ्यावं लागेल. मी सहसा छोटेच पॉट लावतो.

आणि बाहेरून मागवणार असाल तर किमतीत कस्टम ड्युटी धरा, नाहीतर पार्सल घ्यायला जाताना हिशेब चुकतो.

माझी फजिती

आता हे. नव्या हंबकरला बहुधा चार रंगीत वायर आणि एक उघडी अर्थची वायर असते. प्रत्येक कॉइलची दोन टोकं बाहेर काढलेली, म्हणजे हवं तर एक कॉइल बंद करून बारीक आवाज घेता येतो. मात्र तसं केलं की हमिंग परत येतं, कारण उणे-अधिक करायला जोडीदारच उरत नाही.

रंगांचा सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेला नियम नाही. सिमोर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर आवाजाची, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडायच्या, हिरवी अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल आवाजाची, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी अर्थला. हिरवी दोन्हीकडे अर्थला, म्हणून माणूस गाफील राहतो. मी राहिलो.

लग्नाची तारीख उद्यावर, रात्रीचे अकरा, दुकानात मी एकटा. मोबाइलवर तक्ता एका कंपनीचा उघडलेला आणि पुढ्यात पिकअप दुसऱ्या कंपनीचा. सोल्डर छान बसलं, चकचकीत. पॉटच्या पाठीवर अर्थ टाकायला पंचवीस वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही, साठची घेतली, तेही नीट केलं. गिटार लावली आणि आवाज आला टिनाच्या डब्यातून यावा तसा: पातळ, खर्ज गायब. आणि मागे घूंss. हंबकरमध्ये हमिंग, आणि तेही आधी नव्हतं एवढं.

अर्धा तास केबल बदलल्या, प्लग बदलले, दुकानातला पंखा बंद केला. मग डोकं टेकून बसलो आणि ते उणे-अधिक आठवलं. रंगांच्या गोंधळात मी एक कॉइल उलटी जोडली होती. म्हणजे तारेचा आवाज एकमेकांतून वजा होत होता आणि हमिंगची बेरीज होत होती. सेथ लव्हरने जे केलं त्याच्या बरोबर उलट यंत्र मी तयार केलं होतं, गिटार काढून टाकून फक्त ५० हर्ट्झ वाजवणारं. लाल आणि काळीची अदलाबदल केली. स्क्रू बसवले तेव्हा दीड वाजला होता.

तेव्हापासून मी तक्त्यावर विसंबत नाही. मल्टीमीटरने आधी कोणत्या दोन वायर एका कॉइलच्या ते बघतो. रीडिंग दोन्ही कॉइलला जवळपास सारखं येतं, नेहमीच्या हंबकरला चार किलोओहमच्या आसपास. मग मीटर एका कॉइलवर ठेवून पिकअपच्या तोंडावर स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक टेकवतो आणि झटकन उचलतो. त्या क्षणी आकडा वर जातो की खाली हे लिहून ठेवतो. दुसऱ्या कॉइलवर तेच. दोन्हीकडे आकडा ज्या जोडणीत एकाच दिशेने हलतो, ती जोडणी बरोबर. मीटर जळगावच्या गोलाणी मार्केटमधला साधाच आहे, कामाला पुरतो. लग्न झालं, गिटार नीट वाजली. नवरदेवाच्या मामाने दोनदा तेच गाणं मागितलं.

काढलेला पिकअप कधी फेकत नाही. स्क्रू, स्प्रिंग आणि वायरच्या रंगांचा कागद एका पिशवीत घालून त्याच्यावर गिटारचं नाव लिहितो. त्या रात्री काढलेला पिकअप मात्र पिशवीत राहिला नाही. आमच्या गल्लीतला बेंजोवाला, वरातीत गाडीवर जनरेटरच्या शेजारीच बसतो, त्याच्या बेंजोत एक कॉइलवाला घरगुती पिकअप होता आणि जनरेटर चालू झाला की बेंजोपेक्षा घूंss जास्त. त्याचा ब्रिज थोडा सरकवून तारांखाली तो जुना हंबकर दोन लाकडी पट्ट्यांवर बसवून दिला. आठ दिवसांनी तो दुकानात आला. वाटलं, आभार मानायला आला. म्हणाला, "भो, आता जनरेटर चालू शे का बंद, हाईच कळत नाही. मागच्या वरातीत डिझेल संपलं आणि मी दोन मिनिटं नुसताच वाजवत बसलो."